पॉलिमर नॅनोकणांतून औषध : ग्रॅमपासून टनापर्यंतची वाट

चेन्नई : शहरातील चेटपेट भागात असलेल्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेची स्थापना १९५६ मध्ये ‘क्षयरोग रसायनोपचार केंद्र’ म्हणून झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तत्कालीन मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. त्या काळी क्षयरोगाचा उपचार म्हणजे सॅनेटोरियम, मोकळी हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने अंथरुणावरची विश्रांती. डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजाचीच परीक्षा घेतली. रुग्णांचे दोन गट करण्यात आले, एक सॅनेटोरियममध्ये आणि दुसरा स्वतःच्या घरी. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. दाटीवाटीच्या घरात राहून आणि बेताचेच खाऊन औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधील रुग्णांइतकेच बरे होत होते.

या निष्कर्षाने खाटांचा प्रश्न सुटला. मात्र नवा प्रश्न उभा राहिला. औषध रोज, न चुकता घेतले जावे याची जबाबदारी रुग्णालयाच्या भिंतींकडून घराच्या उंबरठ्याकडे आली. बरे वाटू लागले की गोळ्या सोडून देण्याचा मोह होतो आणि मध्येच सोडलेला उपचार औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंना जन्म देतो. याच केंद्राने १९६० च्या दशकात आठवड्यातून दोनदाच, पण देखरेखीखाली औषध देण्याचे प्रयोग केले. आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळण्याच्या पद्धतीची मुळे त्या प्रयोगांत आहेत. भारतात २०१७ पासून पुन्हा रोजच्या मात्रेची पद्धत देशभर लागू झाली. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या क्षयासाठीही किमान २४ आठवडे, म्हणजे १६८ दिवस, औषध घ्यावे लागते.

एकदा घेतलेले औषध शरीरात आठ-दहा दिवस हळूहळू पाझरत राहिले तर हे ओझे किती हलके होईल, हा विचार त्यामुळे भारतीय संशोधकांना फार पूर्वीच सुचला. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील प्रा. जी. के. खुल्लर यांच्या गटाने २००३ मध्ये रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही तीन औषधे पॉलिमरच्या नॅनोकणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिली. दर दहा दिवसांनी एक, अशा केवळ पाच मात्रांनंतर संसर्ग झालेल्या उंदरांच्या अवयवांत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. या निष्कर्षाला दोन दशके उलटून गेली, तरी कोणत्याही सरकारी क्षयरोग केंद्रात पॉलिमर नॅनोकणांची गोळी मिळत नाही.

उंदरात दिसलेला गुण माणसात दिसेलच असे नाही, हे एक कारण आहेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण अशा औषधांपुढचा मोठा अडथळा माणसांवरील चाचणीच्याही अलीकडे उभा असतो. तो म्हणजे हे कण दर वेळी सारखे, पुरेशा प्रमाणात आणि परवडेल अशा खर्चात तयार करणे.

कण म्हणजे नेमके काय

पॉलिमर नॅनोकणाचा व्यास साधारणपणे ५० ते ३०० नॅनोमीटर असतो. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे १०० नॅनोमीटरचे आठशे कण ओळीने मांडले तर केसाची एक जाडी भरेल. या कणाच्या पोटात औषध असते आणि भोवती किंवा आरपार पॉलिमरची, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंची, वीण असते.

सर्वाधिक वापरले जाणारे पॉलिमर ‘पीएलजीए’ या नावाने ओळखले जाते. लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांचे रेणू जोडून ते बनते. पहिले आम्ल दह्यात असते, दुसरे उसाच्या रसात. शरीरातील पाण्याने ही साखळी हळूहळू तुटते, आम्लांचे रेणू सुटे होतात आणि शरीर त्यांची नेहमीच्या मार्गाने विल्हेवाट लावते. याच कुळातील पॉलिमरचे विरघळणारे टाके शल्यचिकित्सक १९७० च्या दशकापासून वापरत आले आहेत. पीएलजीएच्या मोठ्या, मायक्रोमीटर आकाराच्या कणांतून दीर्घकाळ औषध पुरवणारी इंजेक्शनेही १९८९ पासून अमेरिकेच्या बाजारात आहेत. पदार्थ ओळखीचा आहे, सुरक्षित आहे. नवे आहे ते त्याचे रूप.

हे रूप का हवे, याची उत्तरे रोगागणिक वेगळी आहेत. पॅक्लिटॅक्सेलसारखे कर्करोगाचे औषध पाण्यात विरघळतच नाही. ते शिरेवाटे देण्यासाठी पूर्वापार वापरले जाणारे, एरंडेलापासून बनवलेले द्रावक काही रुग्णांत तीव्र ॲलर्जी निर्माण करते. नॅनोकणांमुळे त्या द्रावकाची गरज उरत नाही. क्षयाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड जठरातील आम्लात एकत्र आले की रिफॅम्पिसिनचा काही भाग वाया जातो. औषध पॉलिमरच्या आवरणात असेल तर त्यांची ही गाठ टळू शकते. शिवाय क्षयाचे जंतू ज्या भक्षक पेशींमध्ये दडून बसतात, त्या पेशी अशा आकाराचे कण आपणहून गिळतात.

फिनाइलची बादली

कण तयार करण्याची सर्वांत सोपी रीत कोणत्याही घरात पाहायला मिळते. फरशी पुसण्यासाठी बादलीभर पाण्यात झाकणभर फिनाइल ओतताच पाणी क्षणात दुधी होते. फिनाइलमधील तेलकट घटक पाण्यात विरघळत नाहीत. ते असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळे होतात आणि त्या थेंबांवर प्रकाश विखुरल्यामुळे पांढरा रंग दिसतो. फ्रान्समधील हातेम फेसी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वर्णन केलेली नॅनो-अवक्षेपणाची पद्धत याच जातीची आहे. पॉलिमर आणि औषध ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवायचे आणि ते द्रावण पाण्यात सोडायचे. ॲसिटोन पाण्यात मिसळून जातो, उघड्या पडलेल्या पॉलिमरच्या साखळ्या गोळा होतात आणि औषधाला पोटात घेऊन कण बनतात. पाण्यात न मिसळणारे द्रावक असेल तर आधी त्याचे बारीक थेंब करून मग ते द्रावक उडवून देतात. त्या पद्धतीचे पुष्कळ पोटप्रकार आहेत, मूळ कल्पना मात्र तीच.

प्रयोगशाळेत हे काम काचेच्या चंचुपात्रात, चुंबकीय ढवळणीवर, अर्ध्या तासात होते. दहा मिलिलिटर द्रावकात शंभर मिलिग्रॅम पॉलिमर घेतले की चिमूटभर कण हाती येतात. त्यांचा आकार मोजता येतो, पेशींवर किंवा उंदरांवर परिणाम तपासता येतो, शोधनिबंधही लिहिता येतो. नॅनोऔषधांवरील बहुसंख्य शोधनिबंध या चिमटीवरच उभे आहेत, असे म्हटले तर ते फारसे अन्यायकारक ठरणार नाही.

ढवळण्याचे शास्त्र

चार माणसांचा भात जमतो म्हणून चारशे माणसांच्या पंगतीचा भात त्याच हिशेबाने शंभरपट तांदूळ आणि शंभरपट पाणी घालून जमत नाही. तळाचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो, हे आचाऱ्याला ठाऊक असते. नॅनोकणांच्या बाबतीत ही विषमता कित्येक पटींनी अधिक जाचक ठरते आणि तिचे कारण वेळेत दडलेले आहे.

द्रावण पाण्याला भेटल्यापासून कण बनून स्थिरावण्यापर्यंतची सारी घडामोड काही दशांश मिलिसेकंदांपासून काही शे मिलिसेकंदांत आटोपते. उलट चंचुपात्रात दोन द्रव पुरते एकजीव होण्यास सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि शंभर लिटरच्या टाकीत त्याहून कितीतरी अधिक. याचा अर्थ असा की टाकीच्या एका कोपऱ्यात द्रावण दाट असतानाच तेथील कण घडून गेलेले असतात, तर दुसऱ्या कोपऱ्यात विरळ अवस्थेत वेगळेच कण घडतात. दाट जागचे कण मोठे होतात, विरळ जागचे लहान राहतात. सरासरी आकार कदाचित अपेक्षेइतका येईलही. पण सरासरीमागे ५० नॅनोमीटरचे आणि ५०० नॅनोमीटरचे कण एकत्र नांदत असतील. लहान कण औषध लवकर सोडतात, मोठे उशिरा. शिरेवाटे दिलेले फार मोठे कण यकृत आणि प्लीहा लगेच गाळून घेतात. एकाच कुपीत दोन वेगळी औषधे असावीत, तसा हा प्रकार होतो.

ढवळणी जोरात फिरवणे हा उपाय फार पुढपर्यंत नेत नाही. पात्र मोठे झाले की तळ, भिंत आणि पाते यांच्यातील अंतरांचे प्रमाण बदलते आणि द्रवाच्या प्रवाहाचे स्वरूपही. त्यामुळे रासायनिक अभियंत्यांनी प्रश्नच उलटा केला. टाकी मोठी करण्याऐवजी मिसळण्याची जागा लहानच ठेवायची आणि तीतून द्रव अखंड वाहता ठेवायचा. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्रायन जॉन्सन आणि रॉबर्ट प्रुडोम यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत द्रावण आणि पाणी यांच्या दोन बारीक, वेगवान धारा एका छोट्या कोठडीत समोरासमोर आदळवतात. त्या टकरीत काही मिलिसेकंदांत मिश्रण पूर्ण होते, म्हणजे कण स्थिरावण्याच्या आत. प्रत्येक कणाच्या वाट्याला जवळपास सारखीच परिस्थिती येते. अधिक माल हवा असेल तर धार अधिक वेळ चालू ठेवायची.

दुसरा मार्ग सूक्ष्मप्रवाहांचा, म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्सचा. केसापेक्षा थोड्याच रुंद वाहिन्यांच्या तळाशी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा कोरून द्रवांना घड्यांवर घड्या घालायला लावतात. नियंत्रण अतिशय चांगले मिळते, पण एका वाहिनीतून मिनिटाला काही मिलिलिटर द्रवच जातो. उत्पादन वाढवायचे तर अशा वाहिन्या शेकड्यांनी समांतर लावाव्या लागतात. त्यांतील एखाद्या वाहिनीच्या भिंतीला पॉलिमर चिकटून ती तुंबली, की इतर वाहिन्यांतील प्रवाहही बदलतो आणि कोणत्या क्षणापासून माल बिघडला हे शोधणे जिकिरीचे होते. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटी मद्रासमध्ये, रासायनिक आणि यांत्रिक अभियांत्रिकी अशा दोन्ही विभागांत सूक्ष्मप्रवाहांवर संशोधन चालते. वाहिन्यांतील प्रवाहाची समान वाटणी, दोन द्रवांमधील सीमा, थेंबांचे वर्तन हे या क्षेत्राचे नेहमीचे विषय आहेत आणि वरवर औषधाशी संबंध नसलेले हेच विषय नॅनोकणांच्या कारखान्याचे मर्म आहेत.

कण झाल्यानंतरचे काम

कण तयार होणे ही प्रक्रियेची सुरुवात असते, याची कल्पना क्षेत्राबाहेर फारशी नसते. यंत्रातून बाहेर पडते ते दुधी पाणी. त्यात द्रावक असते, कणांत न शिरलेले औषध असते आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी घातलेले अतिरिक्त घटक असतात.

द्रावक काढणे सक्तीचे आहे. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तयार औषधात ॲसिटोन दहा लाख भागांत ५,००० भागांपर्यंत चालतो, पण डायक्लोरोमिथेन ६०० भागांच्या वर नको. प्रयोगशाळेत सोयीचे वाटलेले द्रावक कारखान्यात गळ्यात धोंड होते ते इथे. द्रावक आणि पाणी गाळून काढताना कण दाटीवाटीने जवळ येतात आणि एकमेकांना चिकटू शकतात. शिरेवाटे द्यायचे औषध निर्जंतुक असावे लागते. उष्णतेने पीएलजीए मऊ पडते आणि गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, म्हणून ०.२२ मायक्रोमीटर, म्हणजे २२० नॅनोमीटर, छिद्रांच्या गाळणीतून गाळणे हा बहुधा एकच मार्ग उरतो. कण १०० नॅनोमीटरचे असतील तर ते सुखाने पार होतात. २०० च्या आसपासचे असतील तर गाळणीच तुंबते, मग सगळे उत्पादन आरंभापासून निर्जंतुक खोलीत करावे लागते आणि खर्च भलतीकडेच जातो.

शेवटी सुकवणे. पाण्यात ठेवलेले पीएलजीए कपाटातही झिजतच राहते. त्यामुळे साखरेसारखा संरक्षक घटक घालून कण गोठवून सुकवतात. ही क्रिया दिवस-दोन दिवस चालते आणि विजेचा मोठा वाटा खाते. सुकी भुकटीही निर्धोक नसते. पीएलजीए साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि ओल लागली तर त्याहून कमी तापमानाला. मे महिन्यातील चेन्नई, सोलापूर किंवा चंद्रपूर येथील प्राथमिक आरोग्य केंद्राची औषधांची खोली डोळ्यांसमोर आणली, की या आकड्याचे गांभीर्य कळते.

आणि हे सर्व दर वेळी सारखे झाले, हे सिद्ध करावे लागते. आकार मोजण्यासाठी कणांवर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाची थरथर तपासतात. औषध किती भरले गेले, किती वेळात किती सुटते, हे वेगळे मोजतात. पॉलिमरच्या साखळीची लांबी पुरवठादारागणिक थोडी बदलली, तरी औषध सुटण्याचा वेग बदलू शकतो.

वजनाचे गणित

कोविड साथीने नॅनोकणांच्या मोठ्या उत्पादनाचा पहिला जागतिक दाखला दिला. एमआरएनए लशींतील कण पॉलिमरचे नव्हे तर मेदाचे असले, तरी ते धारा एकमेकींवर आदळवूनच बनवले गेले आणि अब्जावधी मात्रा तयार झाल्या. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती देशातील पहिली एमआरएनए लस. सुकवलेल्या स्वरूपामुळे ती साध्या शीतकपाटाच्या तापमानाला साठवता येत होती. लशीत जमले ते क्षयाच्या गोळीत का जमू नये, असा प्रश्न त्यानंतर साहजिकच विचारला जातो.

उत्तर वजनात आहे. फायझरच्या लशीच्या एका प्रौढ मात्रेत ३० मायक्रोग्रॅम एमआरएनए आणि सुमारे पाऊण मिलिग्रॅम मेद असतो. म्हणजे शंभर कोटी मात्रांसाठी पाऊण टनाच्या आसपास मेद पुरतो. क्षयाचा हिशेब वेगळाच आहे. ५० ते ६४ किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३०० आणि पायराझिनामाइड १,६०० मिलिग्रॅम दिले जाते. तिन्ही मिळून अडीच ग्रॅम. नॅनोकणाच्या वजनात औषधाचा वाटा अनेकदा दहा टक्क्यांच्या आत असतो. तेवढाच धरला तर एका मात्रेला २५ ग्रॅम भुकटी लागेल, जी कोणीही गिळणार नाही. वाटा पन्नास टक्क्यांवर नेला तरी पाच ग्रॅम होतात.

उंदरांप्रमाणे माणसालाही दहा दिवसांतून एकच मात्रा पुरेल असे घटकाभर मानू. २४ आठवड्यांत १७ मात्रा, प्रत्येकी पाच ग्रॅम, म्हणजे एका लाख रुग्णांसाठी साडेआठ टन कण. भारतात दरवर्षी नोंद होणारे क्षयरुग्ण २५ लाखांच्या आसपास आहेत. मिनिटाला एक लिटर द्रव देणारे आणि दर लिटरमागे दोन ग्रॅम कण सोडणारे यंत्र अहोरात्र चालवले, तरी दिवसाला तीन किलोही भरत नाहीत. एका लाख रुग्णांपुरता माल काढायला एका यंत्राला आठ वर्षे लागतील. यंत्रे वाढवता येतील. पण किलोमागे ५०० लिटर या हिशेबाने साडेबेचाळीस लाख लिटर द्रव हाताळून, गाळून, सुकवावा लागेल. २०१९ च्या उन्हाळ्यात ज्या शहराचे चारही प्रमुख जलाशय कोरडे पडले, त्या शहरात हा आकडा केवळ कागदी राहत नाही. औषधी दर्जाच्या पीएलजीएचा भाव किलोला हजारो डॉलरच्या घरात असतो, हे त्यावर आणखी.

म्हणून संशोधनाचा रोख आता दोन गोष्टींवर आहे : कणात औषधाचा वाटा वाढवणे आणि अधिक दाट द्रावणातही कणांचा आकार आटोक्यात ठेवणे. दर लिटरमागे दोनऐवजी दहा ग्रॅम कण मिळाले तर पाणी, यंत्रवेळ आणि वीज या सर्वांचा भार एक पंचमांशावर येतो. नव्या, आकर्षक कणांच्या शोधापेक्षा ही रुक्ष सुधारणा रुग्णाच्या अधिक कामी येणारी आहे.

बाजाराचे अनुभव

कर्करोगात हे गणित सुसह्य होते, कारण मात्रा तीन आठवड्यांतून एकदा आणि किंमत जास्त असते. त्यामुळे पॉलिमरच्या नॅनोऔषधांचे पहिले यश तेथेच आले. दक्षिण कोरियात पॅक्लिटॅक्सेलच्या पॉलिमर कणांना २००७ मध्ये मान्यता मिळाली. भारतात त्याच सुमारास डाबर फार्माने दिल्ली विद्यापीठातील प्रा. अमरनाथ मैत्रा यांच्या संशोधनावर आधारलेले ‘नॅनोझेल’ हे पॅक्लिटॅक्सेलचे पॉलिमर नॅनोकणरूप बाजारात आणले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निघून देशी कारखान्यातून रुग्णापर्यंत पोहोचलेले हे उदाहरण या क्षेत्रात अजूनही विरळा आहे. अमेरिकेतील बाइंड थेरप्युटिक्स या कंपनीने शंभरांहून अधिक नमुन्यांमधून निवडलेला पॉलिमर कण माणसांवरील चाचणीपर्यंत नेला. उत्पादनाचा डोंगर चढूनही ती कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फायझरने तिची मालमत्ता घेतली. तिचा घात निर्मितीने नव्हे, चाचणीतील निष्कर्षांनी आणि कर्जाने केला.

निर्मितीच ठप्प झाली तर काय होते, ते डॉक्सिल या औषधाने दाखवले. पॉलिमरचा मुलामा असलेल्या मेदकणांतील हे कर्करोगाचे औषध ओहायोतील एकाच कारखान्यात तयार होत असे. २०११ मध्ये तेथील उत्पादन थांबताच अमेरिकेत टंचाई झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये तेथील औषध प्रशासनाला मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करू द्यावे लागले आणि वर्षभराने त्याच कंपनीच्या जेनेरिक रूपाला रीतसर मान्यता मिळाली. साध्या गोळीचा कारखाना बंद पडला तर दुसरा तिची जागा घेऊ शकतो. नॅनोऔषधाची कृती यंत्राच्या कोठडीत आणि कारागिराच्या हातात इतकी मुरलेली असते, की ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

नियामकांनाही हे उमगले आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतातील नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अमेरिकेची तत्त्वे २०२२ मध्ये अंतिम झाली आणि अखंड प्रवाही पद्धतीने औषध बनवण्याचे आंतरराष्ट्रीय निकषही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वीकारले गेले. टाकीतील एका बॅचऐवजी धारेतून दिवसभर वाहणारे उत्पादन म्हणजे नेमकी ‘एक बॅच’ कोणती, याचे स्पष्टीकरण त्यांत आहे.

चेन्नईची जमेची बाजू

या शहरात कोड्याचे बहुतेक तुकडे काही किलोमीटरांच्या परिघात आहेत. १९४८ पासूनची केंद्रीय चर्म संशोधन संस्था कोलॅजेन या नैसर्गिक पॉलिमरचे ज्ञान चामड्यातून वैद्यकात आणणारी आहे. १९५४ मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली अड्यारची कर्करोग संस्था, १९५९ ची आयआयटी आणि तिचे संशोधन उद्यान, दक्षिणेला आळत्तूरची औषधनिर्मिती वसाहत आणि चेटपेटची क्षयरोग संस्था. रुग्णाच्या रक्तात क्षयाचे औषध किती वेळ, किती प्रमाणात राहते, हे मोजण्याचा चेटपेटचा अनुभव जुना आहे. दहा दिवस टिकणाऱ्या औषधाची खरी कसोटी त्याच मोजमापावर लागेल.

दुवा जोडायचा आहे तो मधला. विद्यापीठाची प्रयोगशाळा ग्रॅम देते, कारखान्याला टन हवे असतात; माणसांवरील पहिल्या चाचणीला लागतात ते काही किलो, तेही उत्तम उत्पादन पद्धतीच्या नियमांनुसार बनवलेले. ही पायरी संशोधकाला महाग आणि कंपनीला अकाली वाटते. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत वंदना पत्रावळे आणि पद्मा देवराजन यांच्या गटांनी नॅनोकणांतून औषधवहनाचे काम दीर्घकाळ केले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरशास्त्राची परंपरा आहे. तेथेही चिमटीपासून किलोपर्यंतचे हे अंतर तेवढेच आहे.

क्षयासारख्या रोगासाठी एक सवलत उपलब्ध आहे. तोंडावाटे द्यायच्या औषधाला शिरेतल्या औषधाइतकी निर्जंतुकता लागत नाही, त्यामुळे गाळणीचा आणि निर्जंतुक खोलीचा खर्च वाचतो. प्रुडोम यांच्या गटाने कुष्ठरोग आणि क्षयावर वापरल्या जाणाऱ्या क्लोफाझिमिन या औषधाचे कण अतिसारावरील उपचारासाठी तयार करताना हीच सवलत घेतली. महाग पॉलिमरऐवजी त्यांनी गोळ्यांच्या लेपात वापरले जाणारे सेल्युलोजचे रूप, सोयाबीन वगैरेंपासून मिळणारे लेसिथिन आणि मक्यातील झीन हे प्रथिन असे स्वस्त पर्याय तपासले. गोठवून सुकवण्याऐवजी त्यांनी दूध भुकटीच्या कारखान्यांत असतो तसा उष्ण हवेचा फवारा-शोषक वापरून पाहिला आणि पाण्यात टाकताच भुकटीतून पुन्हा नॅनोकण मोकळे झाले.